आत्याने मुखत्यारपत्र दिलं बँकेच्या कामासाठी, आणि त्याच कागदावर तिची जमीन विकली गेली

माझ्या आत्याची शेतजमीन आणि एफडी दोन्ही तिच्या दिराच्याच मुलाने कुलमुखत्यारपत्राच्या, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या पॉवर ऑफ अटर्नीच्या जोरावर हलवली. खोटी सही नाही, बनावट शिक्का नाही, सगळे कागद एकदम खरे, त्यामुळे सुरुवातीला आमचं कोणी ऐकूनच घेईना. घरात वयस्कर माणूस असेल, कोणी परदेशात असेल, कोणाला "पॉवर" द्यायचं चाललं असेल तर कृपया पूर्ण वाचा.

आत्या एकटी राहते, काका गेले, मूलबाळ नाही. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर तिचं बाहेर पडणंच बंद झालं, आणि तेव्हापासून हा मुलगा रोज यायला लागला. "काकू, तुम्ही कशाला दगदग करता, मला पॉवर देऊन टाका, पेन्शन, बँक, लाइट बिल सगळं मी बघतो." कागद टाइप करून तोच घेऊन आला. तिला चालता येत नाही म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून गृहभेटीने घरी येऊन नोंदणी झाली. त्यांनी विचारलं सही तुमचीच ना, राजीखुशीने देताय ना, ती हो म्हणाली, अंगठा फोटो झाला. तुम्ही सही केलीत एवढंच ते बघतात, तो कागद तुमच्या हिताचा आहे का हे बघणं त्यांचं काम नाही, आणि बऱ्याच लोकांचा इथेच गैरसमज असतो की सरकारी माणसासमोर झालं म्हणजे काही काळजी नाही.

नंतर मी तो कागद ओळ न् ओळ वाचला. पहिल्या पानावर पेन्शन, बँक, वीज बिल, जे तिला सांगितलं होतं तेच. पुढे आत मात्र "सदर मिळकतीचे साठेखत, खरेदीखत, गहाणखत करून देणे, मोबदल्याची रक्कम स्वीकारणे व त्याची पावती देणे", आणि शेवटी "सदर मुखत्यारपत्र अपरिवर्तनीय राहील", म्हणजे ते परत घेता येणार नाही. बँकेच्या कामाला अपरिवर्तनीय कशाला लागतं हो? हा शब्द दिसला की तिथेच थांबा आणि आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवा, समोरच्याने आणलेल्या वकिलाला नाही.

कळलं ते फेरफाराच्या नोटिशीमुळे. जमिनीचं खरेदीखत झालं की 7/12 वर नाव लावायला फेरफार टाकतात आणि हितसंबंधितांना नोटीस जाते, 15 दिवसांत हरकत घ्या म्हणून. ती नोटीस नेमकी आत्याच्याच हातात पडली. खरेदीदार कोण तर ह्याचा सख्खा मेहुणा! मग बँकेचं स्टेटमेंट काढलं तर एफडी मुदतीआधी मोडलेली, पैसे सेव्हिंगला आणि तिथून ह्याच्या खात्यात. एसएमएसचा नंबरही बदललेला, म्हणून तिला काही मेसेज येत नव्हते. बँक म्हणते मुखत्यारपत्र आमच्याकडे नोंदवलेलं आहे, त्यात अधिकार दिलेला आहे, आम्ही काय करणार.

आता कायद्याचं, कारण आमच्याकडे येऊन अर्धवट सांगणारे खूप भेटले. एक जण म्हणाला की 2011 ला सुप्रीम कोर्टाने मुखत्यारपत्रावरचे व्यवहार बंदच केलेत, काळजी करू नका. तो सूरज लॅम्प केसचा निकाल आहे, पण त्यात सांगितलंय ते हे की नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, नोंदणीकृत खरेदीखत लागतं. मुखत्याराने मालकाच्या वतीने रीतसर खरेदीखत करून दिलं तर तो व्यवहार त्या निकालाने रद्द होत नाही, आणि आमच्या केसमध्ये नेमकं तेच झालं होतं.

दुसरा म्हणाला अपरिवर्तनीय लिहिलंय म्हणजे रद्दच करता येत नाही. हेही चूक. करार कायदा 1872 चं कलम 202 बघा, मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत असेल तरच अडचण येते, नुसता शब्द लिहून काही होत नाही. म्हणूनच कागदात "मोबदला मिळाला" असं वाक्य घुसवलेलं आहे का हे जरूर तपासा, त्याचा आधार घेऊन पुढे हितसंबंध दाखवला जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे आम्हाला वकिलांनी पहिल्याच भेटीत ठासून सांगितलं, ते म्हणजे रद्दलेख, म्हणजे मुखत्यारपत्र रद्द केल्याचा कागद, करून घरात ठेवला तर त्याचा उपयोग शून्य. करार कायद्याच्याच कलम 208 प्रमाणे मुखत्यारपत्र रद्द झाल्याचं मुखत्याराला कळेपर्यंत त्याच्यापुरता त्याचा अधिकार संपत नाही, आणि बाहेरच्या माणसाला कळेपर्यंत त्याच्यापुरता संपत नाही. म्हणजे बँकेला कळवलं नाही तर बँक त्याच्या सहीवर पैसे देत राहणार आणि वर आम्हाला माहीत नव्हतं म्हणून सुटणार. त्यामुळे आम्ही रद्दलेख त्याच दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवला आणि प्रत लगेच त्या मुलाला, त्याच्या मेहुण्याला, बँकेला, तलाठ्याला, सगळ्यांना लेखी पाठवली, पोच घेतली, पेपरात जाहीर नोटीसही दिली. बँकेत हातोहात अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला, तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही.

पण रद्द केल्याने आधीचं खरेदीखत आपोआप जात नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो आणि लिखत रद्द करून मागायची मुदत कळल्यापासून 3 वर्षं आहे, भावकी आहे मिटेल मिटेल करत ती घालवू नका. आम्हाला आधार मिळाला तो दोन गोष्टींचा. करार कायद्याच्या कलम 213 प्रमाणे मालकाने मागितला की मुखत्याराने हिशेब द्यायलाच पाहिजे, तो आम्ही नोटिशीने मागितला आणि त्याला देता आला नाही. आणि कलम 215 प्रमाणे मुखत्याराने मालकाला अंधारात ठेवून स्वतःसाठीच व्यवहार केला तर मालक तो नाकारू शकतो. मेहुण्याला मातीमोल भावात जमीन, आणि तेही पैसे आत्याच्या खात्यात आलेच नाहीत, हे त्यातच बसतं असं आमचं म्हणणं आहे.

पोलिसांकडे गेलो तर नेहमीचं उत्तर, हा दिवाणी मामला आहे. विश्वासघात आणि फसवणूक हे गुन्हे आहेत, 1 जुलै 2024 पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम 316 आणि 318, त्याआधीच्याला जुन्या भारतीय दंड संहितेचं 406 आणि 420. ठाण्यात नोंदवून घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

ज्यांना अजून द्यायचंय त्यांनी जनरल देऊच नका, एका कामाचं स्पेशल द्या, तारीख टाका, मिळकत विकायचा अधिकार नाही असं स्पष्ट लिहा, आणि येणारा प्रत्येक पैसा मालकाच्याच खात्यात येईल अशी अट घाला. नुसतं बँकेचंच काम असेल तर बँकेत मँडेट, म्हणजे दुसऱ्याला आपलं खातं चालवायची लेखी परवानगी, देता येतं, त्याला मुखत्यारपत्र लागतच नाही. मोबाइल नंबर कोणालाही बदलू देऊ नका. आणि ज्या माणसाला विसरायला होतंय त्याच्या नावाने मुखत्यारपत्र वापरणं चालू असेल तर लगेच वकिलाला विचारा, कारण आपल्याकडे देणारा वारला किंवा त्याची समजशक्ती गेली की ते संपतं.

सध्या जमिनीवर कोर्टाची तात्पुरती मनाई मिळाली आहे, फेरफारावर आमची हरकत मुदतीत गेल्यामुळे नोंद अजून मंजूर झालेली नाही, एफडीचे पैसे मात्र परत आलेले नाहीत. आत्या मला म्हणते त्याला फोन करून विचार तरी, असं का केलंस. मी नाही केला. तुमच्याकडे असं काही निघालं तर आधी भांडायला जाऊ नका, खरेदीखताची आणि मुखत्यारपत्राची नक्कल काढा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) काढा, बँकेचं स्टेटमेंट घ्या, आणि रद्दलेख नोंदवून त्याच दिवशी बँकेला द्या, कारण त्याला कुणकुण लागल्यापासून खातं बंद होईपर्यंतच्या वेळातच उरलेले पैसे जातात.