जानेवारीभर रोज धावण्याचा उपक्रम: ३५० रुपयांत काय मिळाले

१ जानेवारीच्या पहाटे पावणेसहाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे नाशिककर ज्याला आजही गोल्फ क्लब म्हणतात त्या मैदानावर, आम्ही साठेक जण कानटोप्या घालून गोलात उभे होतो. शहरातील धावणाऱ्यांच्या एका गटाने आखलेल्या या उपक्रमाचा नियम एका वाक्याचा होता: महिन्याचे ३१ दिवस, रोज किमान २ किलोमीटर, एकही दिवस न चुकवता. गटाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण जवळजवळ याच नियमांचे उपक्रम आता अनेक शहरांत हिवाळ्यात भरतात आणि माझे म्हणणे त्या सगळ्यांनाच लागू पडणारे आहे.

नोंदणीचे शुल्क ३५० रुपये होते. त्यात रोजच्या नोंदी पाहणारी व्यवस्था, सोमवार ते शनिवार मैदानावर एक प्रशिक्षक, रविवारी गंगापूर रस्त्याने सोमेश्वरपर्यंत एकत्र धावणे आणि शेवटी पदक व प्रमाणपत्र एवढे मिळत होते. टी-शर्टचे पैसे वेगळे होते आणि मी तो घेतला नाही. मैदानावर न येता आपापल्या भागात धावले तरी चालत असे, फक्त घड्याळातील किंवा मोबाईलमधील नोंदीचा स्क्रीनशॉट रात्री ११ च्या आत गटावर टाकावा लागे. पैशांच्या मानाने हे पुष्कळ आहे, असे माझे मत आहे.

या उपक्रमातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे ती २ किलोमीटरची किमान मर्यादा. रोज धावण्याची अखंड मालिका राखणाऱ्यांमध्ये जगभर दिवसाला किमान एक मैल, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर, हा निकष रूढ आहे आणि आयोजकांनी तोच थोडा वाढवून घेतलेला दिसतो. माझ्यासारख्या सत्तेचाळिशीतल्या, दिवसभर बँकेत खुर्चीवर बसणाऱ्या बाईला २ किलोमीटरला सोळा-सतरा मिनिटे लागतात. सोळा मिनिटांसाठी वेळ नाही, असे कोणालाच मनापासून म्हणता येत नाही. अंतर जर ५ किलोमीटर ठेवले असते, तर पहिल्याच आठवड्यात अर्धे लोक गळाले असते आणि उरलेल्यांपैकी निम्म्यांच्या पोटऱ्या धरल्या असत्या. अवघड असते ते धावणे नव्हेच. पाच वाजता गोधडी बाजूला सारून गार फरशीवर पहिले पाऊल टाकणे अवघड असते. त्यासाठी मी रात्रीच बूट दाराशी ठेवून मोजे त्यात घालून ठेवत असे, विंडचीटर खुर्चीच्या पाठीवर टाकत असे आणि गजर लावलेला मोबाईल स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवत असे. तो बंद करायला गेले की तिथेच पातेलीत पाणी कोमट करायला ठेवायचे. पाणी कोमट होईपर्यंत बुटांच्या नाड्या बांधून झालेल्या असत, आणि नाड्या बांधून झाल्यावर परत गोधडीत शिरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

नाशिकच्या जानेवारीची थंडी ज्यांनी अनुभवली नाही, त्यांना ही तयारी अतिरेकी वाटेल. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, द्राक्षबागायतदार घड वाचवण्यासाठी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, आणि त्या आठवड्यात शहरातही आठ-नऊ अंशांचा गारठा असतो. अंधाराचे तर मला या महिन्यानेच नीट शिकवले. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होत जातो, संक्रांतीपासून तिळातिळाने वाढतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण सुरुवातीची ही वाढ संध्याकाळच्या बाजूने मिळते, आणि सकाळचा सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत रोज थोडा थोडा उशिराच होत जातो. आमच्याकडे तो सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास जातो. त्यामुळे उपक्रमाचा पहिला पंधरवडा संपत आला, अंगाला सवय झाली, तरी पहाट काही उजळत नाही. मनाला याची आधी कल्पना असलेली बरी, कारण सर्वाधिक गळती आमच्याकडे नेमकी याच काळात झाली. आयोजकांनी हे पहिल्या दिवशी समजावून सांगायला हवे होते आणि कपाळाला लावायचा दिवा किंवा चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट सक्तीचे करायला हवे होते. मैदानावर उजेड असतो, पण रस्त्याने धावणाऱ्यांचे काय?

प्रशिक्षकांविषयी मी केवळ चांगलेच लिहू शकते. धावण्याआधी बारा मिनिटे ते सर्वांकडून सांधे मोकळे करून घेत: घोटे फिरवणे, गुडघे उचलून जागच्या जागी चालणे, मग मैदानाची एक फेरी भरभर चालून. थंडीत स्नायू आखडलेले असतात आणि रक्तदाबही वाढलेला असतो, म्हणून उन्हाळ्यात पाच मिनिटांत जे भागते त्याला हिवाळ्यात दुप्पट वेळ द्यावा लागतो, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले की ते अंगवळणीच पडले. दम्याचा त्रास असलेल्या एका सदस्याला त्यांनी पहिल्याच दिवशी आधी डॉक्टरांना विचारून येण्यास सांगितले आणि नाकातोंडावर सुती मफलर गुंडाळून धावायला लावले, कारण कोरडी गार हवा थेट आत गेली की श्वासनलिका आकसतात. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी पिणे टाळू नका, हा त्यांचा दुसरा आग्रह. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांकडच्या काही मुली त्याच वेळी आमच्या बाजूने सराव करत असत. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून या भागातल्या मुलींच्या धावण्याकडे आम्ही नाशिककर वेगळ्या डोळ्यांनी बघतो. एका सकाळी त्या मुली आमच्याइतक्याच संथपणे धावत होत्या. मी आश्चर्याने विचारले, तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, "ताई, काल त्यांचा जोराचा सराव झालाय. आज हळू पळणं हाच त्यांचा सराव आहे." रोज धावायचे म्हणजे रोज जोरात धावायचे नसते, ही गोष्ट मला या एका वाक्याने जेवढी पटली तेवढी कोणत्याही लेखाने पटली नसती.

वेळेबाबत मात्र माझी तक्रार आहे. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार आणि तिच्या वरची हवा त्या मानाने उबदार राहते; त्यामुळे धूर आणि धूळ वर न जाता खालीच साचून राहते आणि ऊन चढेपर्यंत विरत नाही. शहरात पहाटे ठिकठिकाणी पालापाचोळा आणि कचरा जाळून लोक शेकत बसलेले असतात, आणि पावणेसहाच्या सुमारास तो धूर अगदी नाकाच्या उंचीवर तरंगत असतो. गंगापूर रस्त्यावर एका चौकात तर मला रोज श्वास रोखून पुढे जावे लागे. ज्यांना नोकरीची घाई नाही, त्या ज्येष्ठांसाठी साडेसात-आठची दुसरी तुकडी ठेवणे सहज शक्य होते; ती सुचवूनही ठेवली गेली नाही. रविवारी आम्ही सात वाजता निघत असू आणि आनंदवलीच्या पुढे गेल्यावर हवेतला फरक छातीला स्पष्ट जाणवे.

संक्रांतीच्या दिवशीची एक गोष्ट इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. आदल्या दिवशी भोगीची बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी झालेली, अंगात ऊब होती, म्हणून मी मैदानाऐवजी कॉलनीतल्या रस्त्यानेच निघाले. दुसऱ्या वळणावर उजव्या घोट्याला काहीतरी अडकले आणि पाय मागे ओढला गेला. वाकून पाहिले, तर विजेच्या खांबापासून रस्त्यापर्यंत लोंबणारा नायलॉनचा मांजा मोज्याभोवती दोन वेढे घेऊन बसला होता. जाड लोकरी मोजा कापला गेला होता आणि कातडीवर लाल रेघ उमटली होती. बोटांनी तो तुटेना. शेवटी घराच्या किल्लीने घासून तोडला. हा मांजा २०१७ पासून देशभर बंद आहे, तरी संक्रांतीच्या आगेमागे तो रस्तोरस्ती असतो, आणि अंधारात धावणाऱ्याला तो दिसण्याची सुतराम शक्यता नसते. तोच मांजा गळ्याच्या उंचीवर असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. जानेवारीत महाराष्ट्रात धावण्याचा उपक्रम घेणाऱ्या प्रत्येकाने १० ते १६ तारखेपर्यंत सर्वांना बंदिस्त मैदानावर बोलवावे. आमच्या गटाने तशी सूचना दिली, पण ती १४ तारखेला दुपारी.

आता गुणतक्त्याविषयी. उपक्रम किमान अंतराचा होता, पण गटावर रोज रात्री जो तक्ता येत असे तो एकूण किलोमीटरचा होता. नियम सांगत होता की रोज थोडे धावा, आणि तक्ता सांगत होता की जो जास्त धावेल तो मोठा. पहिल्या दहांत येण्यासाठी काही तरुण रोज दहा-बारा किलोमीटर धावू लागले. त्यांतला एक मुलगा नोव्हेंबरपर्यंत धावतही नव्हता. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागले, तिसऱ्या आठवड्यात तो लंगडू लागला आणि मग त्याला पूर्ण थांबावे लागले. नडगी लांबवर दुखत असेल तर विश्रांतीने आणि अंतर कमी करून बहुधा भागते. पण एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी ठणका असेल तर हाडाला सूक्ष्म भेग पडलेली असू शकते, आणि तेव्हा डॉक्टरांकडेच जावे. दम आणि हुरूप काही आठवड्यांत वाढतो, हाडांना मात्र तेवढा वेळ पुरत नाही. तक्ता हवाच असेल तर तो धावलेल्या दिवसांचा असावा, म्हणजे त्यात साठीचे काका आणि विशीचा मुलगा एकाच ओळीत उभे राहतील.

माझी खरी नाराजी १९ तारखेची आहे. आदल्या रात्रीपासून मला ताप होता, सकाळी तो १०१ पर्यंत गेला आणि अंग ठणकत होते. नुसती सर्दी असेल, नाक वाहत असेल, तर हळूहळू धावण्यास हरकत नसते. ताप, अंगदुखी किंवा छातीत खोकला असेल तर धावू नये, कारण विषाणूच्या तापात शरीरावर ताण दिल्यास हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. मी तसे गटावर कळवले. समन्वयकांचा फोन आला: "ताई, घरातल्या घरात दोन किलोमीटर चालून टाका आणि स्क्रीनशॉट पाठवा, साखळी तुटू देऊ नका." त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी जाणते. पण मी चालले नाही. १९ आणि २० हे दोन दिवस मी पेज पिऊन झोपून काढले आणि २१ तारखेला, ताप उतरून पूर्ण दिवस गेल्यावर, मैदानाच्या पाच फेऱ्या रमतगमत पूर्ण केल्या. महिनाअखेर माझे २९ दिवस भरले. प्रमाणपत्र मात्र मिळाले नाही, आणि यादीत माझ्या नावापुढे 'अपूर्ण' असा शेरा आला.

अखंडतेचा आग्रह धरणाऱ्यांना मी ब्रिटनच्या रॉन हिल यांचे उदाहरण देईन. १९७० ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकणाऱ्या या धावपटूने डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, म्हणजे ५२ वर्षे, रोज किमान एक मैल धावण्याचा क्रम राखला. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. पण वयाच्या ७८ व्या वर्षी धावताना छातीत दुखू लागले, तेव्हा घरच्यांचा विचार करून त्यांनीही तो क्रम थांबवला. ५२ वर्षांची मालिका जर छातीतल्या दुखण्यापुढे सोडून देता येते, तर १८ दिवसांची मालिका १०१ तापापुढे सोडणाऱ्याला नापास का ठरवावे?

पदकाचे पैसे मी भरलेले होते आणि ते मला देण्याची तयारी आयोजकांनी नंतर दाखवली. मी ते घेतले नाही. त्याऐवजी लेखी विनंती केली आहे की पुढच्या वर्षीच्या नियमावलीत आजारपणासाठी दोन दिवसांची सूट स्पष्ट शब्दांत घालावी, तक्ता दिवसांचा करावा, आणि संक्रांतीच्या आठवड्यात रस्त्याने धावणे बंद ठेवावे. समन्वयकांनी ती वाचून बैठकीत ठेवतो असे कळवले आहे. ज्यांना गुडघ्याचे, हृदयाचे किंवा दम्याचे दुखणे नाही, ज्यांना महिनाभर उठायला एक निमित्त हवे आहे आणि जे तक्त्याकडे न बघता २ किलोमीटरवर थांबू शकतात, त्यांनी हा उपक्रम आहे त्या रूपातही जरूर घ्यावा. त्या प्रशिक्षकांसाठी आणि रविवारच्या सोमेश्वरच्या वाटेसाठी ३५० रुपये मुळीच जास्त नाहीत. माझ्यापुरते सांगायचे तर, डिसेंबरमध्ये नोंदणी सुरू झाली की मी सर्वांत आधी नियमांचे पान उघडणार आहे, आणि त्यात ती दोन दिवसांची ओळ दिसली तर त्याच दिवशी पैसे भरणार आहे.