पॅक्स-७ अँटीबॉडी: मानवी स्नायूंतील मूळ पेशी मोजणाऱ्यांसाठी

मानवी स्नायूंतील मूळ पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत आयोवा विद्यापीठातील डेव्हलपमेंटल स्टडीज हायब्रिडोमा बँक या अँटीबॉडी पुरवणाऱ्या संस्थेची पॅक्स-७ अँटीबॉडी, म्हणजे या पेशींच्या केंद्रकातील पॅक्स-७ प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारे प्रथिन, बहुधा सापडतेच, आणि मांडीच्या स्नायूच्या बायोप्सीवर ती वापरल्यानंतर हा लौकिक मला रास्त वाटतो. बँक ना-नफा तत्त्वावर चालत असल्याने विद्यार्थ्यांच्या प्रकल्पालाही तिचा दर झेपतो.

उंदराची ही मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून मिळणारी, एकसारखी) अँटीबॉडी कोंबडीच्या पॅक्स-७ प्रथिनाविरुद्ध तयार केलेली असली, तरी मानवी केंद्रकेही ती नेमकी ओळखते. शिवाय उंदराच्याच ऊतीवर ती वापरताना उंदराच्या अँटीबॉडी ओळखून रंग देणाऱ्या दुय्यम अँटीबॉडीमुळे सगळी पार्श्वभूमी उजळते, तो त्रास मानवी नमुन्यात होत नाही.

तथापि नुसती उजळलेली केंद्रके मोजून भागत नाही. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ साली बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या मूळ पेशी, म्हणजेच सॅटेलाइट पेशी, ओळखल्या, त्या त्यांच्या जागेवरून: स्नायुतंतूचे पटल आणि त्यावरील आधारपटल (तंतूभोवतीचे पातळ आवरण) यांच्या फटीत. म्हणून आधारपटल दाखवण्यासाठी त्यातील लॅमिनिन या प्रथिनाविरुद्ध सशात तयार केलेली अँटीबॉडी सोबत लावावी, म्हणजे दोन्ही रंगांची गल्लत होत नाही. लॅमिनिनच्या लाल किनारीला आतून चिकटलेला पॅक्स-७चा हिरवा ठिपका दिसला आणि केंद्रके रंगवणाऱ्या डॅपीचा निळा रंग नेमका त्यावरच पडला, तरच ती पेशी मोजावी. एवढी शिस्त नसेल तर आकड्यांना अर्थ उरत नाही. वयोवृद्धांत या पेशी प्रामुख्याने टाइप-२ (जलद आकुंचन पावणाऱ्या) तंतूंभोवती घटतात, त्यामुळे ज्येष्ठांच्या नमुन्यात तंतूंचा प्रकारही रंगवून घेणे श्रेयस्कर.

रंग फिका वाटल्यास बायोटिनयुक्त दुय्यम अँटीबॉडी आणि बायोटिनला घट्ट चिकटणारे, रंग जोडलेले स्ट्रेप्टॅव्हिडिन वापरून तो वाढवता येतो. नमुना मात्र द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्येच गोठवलेला हवा, कारण बर्फाच्या स्फटिकांनी तंतूंची चाळण झाली की कोणतीही अँटीबॉडी कामाला येत नाही.

जिवंत पेशी वेगळ्या करणाऱ्यांनी मात्र ही घेऊ नये. पॅक्स-७ केंद्रकात असते आणि तिथवर पोचण्यासाठी पेशीचे पटल सच्छिद्र करावे लागते, त्यात पेशी जिवंत राहत नाही. त्यांना पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी-५६ हे प्रथिन ओळखणारी अँटीबॉडीच लागेल. पेशींचे स्नायूत रूपांतर होऊ लागले की पॅक्स-७ ओसरते, त्यामुळे संवर्धनातील अशा पेशींसाठी मायोडी किंवा डेस्मिन या स्नायूपेशींतील प्रथिनांच्या अँटीबॉडीची जोड द्यावी. प्रथमच मागवणाऱ्यांनी लहान कुपी घेऊन आपल्या ऊतीवर तीन-चार सौम्यता (द्रावण किती पातळ करायचे ती प्रमाणे) पडताळून पाहाव्यात आणि उरलेले द्रावण लहान भागांत गोठवून ठेवावे.