पडद्याचा स्मार्ट स्पीकर: आमच्या अण्णांच्या खोलीत कितपत चालला

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातले अडीच वस्तूला आणि एक पुण्याच्या पुतणीला, कारण ती नसती तर हे यंत्र आमच्याकडे नुसतं घड्याळ म्हणून उरलं असतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. या जातीची यंत्रं एकाहून जास्त कंपन्या विकतात आणि माझ्या तक्रारी एकीपुरत्या नाहीत. स्पीकर, त्याला लहान टॅबलेटएवढा पडदा, वर कॅमेरा. हाक मारली की ऐकतं, व्हिडिओ कॉल होतो, रिकाम्या वेळी फोटो फिरत राहतात. आम्हाला दहा हजारांच्या आत पडलं.

घेतलं सासऱ्यांसाठी. अण्णांनी सांगलीच्या मार्केट यार्डात, एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून उभा जन्म काढला. हळदीचे सौदे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), हमाली-तोलाई, सगळं तोंडावर. आता डिमेन्शिया आहे. सकाळचा चहा झाला की नाही हे दहा मिनिटांनी सांगता येत नाही. २०२३ मध्ये आलेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या माणसांत ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना हा आजार आहे. तेव्हा विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीतही आम्ही एकटे नसणार. बाकीचे 'वय झालंय' म्हणून विषय मिटवतात, एवढंच.

जाहिरातीत हे यंत्र आठवण करून देतं म्हणून मिरवतात. त्याच कामात ते सगळ्यात कच्चं निघालं. गोळीची वेळ झाली की रिकाम्या खोलीत एक बाई हिंदीत बोलू लागायची. अण्णा लगेच मला हाक मारायचे, "आत कोण बाई आलीया? तिला बसाय सांग, चहा टाक." पहिल्यांदा आम्ही हसलो. मग रात्री घरात कुणी परकं माणूस आहे म्हणून ते उठून कड्या तपासायला लागले, तेव्हा सगळ्या आठवणी बंद करून टाकल्या. गोळ्या मी हातानं देते, पूर्वीसारख्याच. शिवाय आमच्या यंत्राला हिंदी समजतं, मराठी नाही. अण्णांचं हिंदी म्हणजे मारवाडी व्यापाऱ्यांशी बोलायचं बाजारी हिंदी. त्यांनी एकदा भाव विचारला तर तिनं गाणं लावलं.

मग ठेवलं कशाला? एका सोयीसाठी. साध्या स्मार्टफोनवर कॉल आला की हिरवं बटण वर सरकवायचं असतं, ते अण्णांना जमत नाही. बोट लावतात, कॉल कटतो, समोरचा परत करतो, हे घाबरतात. इथं ठरावीक माणसांना परवानगी दिली की त्यांचा कॉल उचलावाच लागत नाही. चेहरा थेट पडद्यावर येतो. आमच्याकडे ती परवानगी चारच जणांना आहे. दीर म्हणत होते, सगळ्या भावकीला देऊन टाका. मी ऐकलं नाही. अण्णा आंघोळ झाल्यावर पंचावर बसलेले असतात, आणि कुणाच्या तरी लग्नघरातून अख्खी पंगत त्यांच्या खोलीत डोकावणार, हे बरं नव्हे. कॅमेऱ्यावर सरकवायची झडप आहे, ती कपडे होईपर्यंत बंद ठेवते. अण्णांना विचारलं तर ते "असू दे की" म्हणतात, पण कशाला असू दे म्हणालो हे त्यांना कळलेलं नसतं. म्हणून दार कधी उघडायचं ते घरच्यांनी ठरवायचं, कंपनीच्या आपोआप सेटिंगवर सोडायचं नाही.

बसवताना दोन गोष्टी बघा. पडदा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. आमचा आधी टेबलावर होता, अण्णा वाकून मागं कोण लपलंय ते शोधत. आणि पंख्याखाली ठेवू नका. त्यांना कमी ऐकू येतं, पंख्याच्या घरघरीत निम्मे शब्द जातात. कानाचं यंत्र आधी घ्या आणि हे मग, असं मी तर म्हणेन. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणारी जी चौदा टाळता येण्याजोगी कारणं मांडली, त्यात ऐकू कमी येणं आणि एकटं पडणं ही दोन्ही आहेत. आमच्या घरात ती दोन्ही हातात हात घालून आली. लाईट गेली की यंत्र बंद पडतं, आत बॅटरी नाही. इन्व्हर्टरवर राउटरही घ्यावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. पहिले सगळे कॉल फसले, आणि त्यात यंत्राचा दोष नव्हता. जो तो पडद्यावर आला की विचारणार, "अण्णा, ओळखलं का? सांगा बघू मी कोण?" नणंद, जावई, पोरं, सगळ्यांचा प्रश्न एकच. अण्णा माझ्याकडे बघून हसायचे, मग खाली बघायचे. कॉल संपला की चिडचिड: "कोण माणसं ही? मला का इचारायल्यात?" घरबसल्या तोंडी परीक्षा सुरू झाली होती.

पुतणी मात्र कॉलवर आली ती हातात हळकुंड घेऊन. आधी स्वतःच नाव सांगितलं, कुणाची मुलगी ते सांगितलं आणि म्हणाली, "अण्णा, पुण्यात हळद घेतलीय. चांगली आहे का बघा."

अण्णा पुढं सरकले. "मोड की."

तिनं मोडलं.

"आवाज आला न्हाई. फोनजवळ मोड."

दुसरं मोडलं.

"ओली हाय. फसवलं तुला. आतला रंग दाव."

नीट वाळलेलं हळकुंड मोडताना धातूसारखा टणत्कार होतो, हे मला या घरात इतकी वर्षं राहून त्या दिवशी कळलं. मग राजापुरी की दुसरी, कणी कशी निघते, पॉलिश किती केलंय, आणि तिथून गाडी हरिपूरच्या पेवांवर. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोल पेवं खणून त्यात वर्षानुवर्षं हळद साठवायचे. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं. अण्णा हे सगळं क्रमानं सांगत होते, अडखळले तिथं पुतणी थांबून राहत होती, शब्द पुरवत नव्हती. शेवटी त्यांनीच विचारलं, "पट्टी झाली का?" ती म्हणाली, झाली. "मग जा."

नंतर वाचनात आलं की याला अभ्यासकांनी नाव दिलेलं आहे, सामाजिक आरोग्य. डिमेन्शियावर काम करणाऱ्या युरोपातल्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये त्याची एकमतानं मांडणी केली: माणसाला आपली कुवत वापरता यावी, जबाबदारी पार पाडता यावी, थोडी मदत घेऊन का होईना, आपला दिवस आपण चालवता यावा, आणि लोकांत वावरता यावं. शेवटचं सगळ्यांना सुचतं, म्हणून सगळे फोन करतात. पहिलं कुणाला सुचत नाही. अण्णांना गप्पा मारायला माणूस नको होता, गिऱ्हाईक हवं होतं. आता नणंदही गुळाची ढेप घेऊन बसते, आणि गूळ हा काही अण्णांचा विषय नसला तरी मत असतंच.

आपला दिवस आपण चालवायचा, या मधल्या मुद्द्यावर मात्र यंत्र नापास. अण्णांच्या बाजूनं काहीच सुरू होत नाही. कुणाशी बोलावंसं वाटलं तर यंत्राचं नाव आठवायचं, मग हिंदीत हुकूम द्यायचा, तोही ठरावीक शब्दांत. ज्याच्यासाठी घेतलं त्यालाच हे जमणार नाही. नातीचा फोटो चिकटवलेलं एक जाड बटण दिलं असतं तर पुरलं असतं. ते कुठल्याही मुलाच्या खेळण्यात असतं.

फोटोंचं थोडं जपून. दिरांनी हौसेनं अख्खा अल्बम भरला, त्यात सासूबाई आल्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झालीत. फोटो फिरत आला की अण्णा विचारायचे, "ही कुठं गेलीया?" खरं सांगितलं तर रडायचे, बाजारात गेल्यात म्हटलं तर दाराशी जाऊन उभे राहायचे. ते फोटो फिरत्या अल्बममधून काढले. कागदी अल्बम कपाटात आहे, तो मी शेजारी बसून दाखवते. पडद्यावर आता गणपती मंदिर, यार्डातली पोती आणि कृष्णेच्या पुराची पातळी जिथं मोजतात तो आयर्विन पूल आहे. पुलाचा फोटो आला की ठरलेला प्रश्न येतो, पाणी किती फुटावर आहे. सांगलीकराला तो पूल दाखवला की दुसरं काय विचारणार!

नुसती गाणी ऐकवायची असतील तर एवढा पसारा करू नका. सारेगामाचा मराठी 'कारवां' आमच्या शेजाऱ्यांकडे आहे. पडदा नाही, गाणी आत भरलेली, गोल खटका फिरवला की सुरू. तिथले आजोबा तो स्वतः लावतात.

अर्धा तारा कापला तो हरिपूरच्या काकांमुळे. हे अण्णांचे यार्डातले जुने हमाल दोस्त. व्हिडिओ कॉल करायचा तर समोरच्याकडेही याच कंपनीचं ॲप हवं, आणि काकांकडे बटणांचा फोन. त्यांच्या नातवाच्या मोबाइलमध्ये ते ॲप घातलं, खातं उघडलं, पासवर्ड तो विसरला, परत उघडलं. तो कामावरून आला तरच कॉल. दोघं बोलतात ते एवढंच: "काय?" "काय न्हाई." "भाव?" "पडलाय." पण अण्णा त्या कॉलला टोपी घालून बसतात. हाच कॉल व्हॉट्सॲपवरून यंत्रावर लागला असता तर मी चार दिले असते.