घरपोच नर्स देणारा ब्युरो: गणवेश कडक, कागद ढिले

माणसं वेळेवर येतात, बदलीची बाईही त्याच दिवशी मिळते. गोची कागदांत आहे. बिलावर 'नर्स', फाइलमध्ये मात्र सहा महिन्यांच्या पेशंट केअर कोर्सचं प्रमाणपत्र. नर्सिंगचे कोर्स वेगळे: एएनएम (सहायक नर्स व प्रसूतिसेविका) 2 वर्षांचा, जीएनएम (जनरल नर्सिंग व मिडवाइफरी) 3 वर्षांचा. यांपैकी एखादा किंवा बीएस्सी नर्सिंग करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली, तरच नर्स. आंघोळ, कूस बदलणं, भरवणं याला केअरटेकर पुरे, पण मग दरही केअरटेकरचाच लावा ना! राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी), कॅथेटर (लघवीची नळी), इन्सुलिन असेल तर नोंदणी क्रमांक मागा, नूतनीकरणाची तारीख पाहा, नाव आधारशी जुळवा. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, तेवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नका. झेरॉक्सवर तारखेपाशी व्हाइटनरची सावली दिसली, तर मात्र मूळ प्रत पाहिल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.