लेदर सीट: घरी पुसायची, बाटल्या आणायच्या की डिटेलिंगला द्यायची?

आमची गाडी दिवसभर सांगलीच्या मार्केट यार्डात उभी असते, मेहुण्यांची साताऱ्यात राजवाड्याजवळ. दोन्हींच्या सीटचा रंग बिस्किटी, म्हणजे मळ लपवायची सोयच नाही. ते वर्षातून दोनदा गाडी डिटेलिंगला, म्हणजे दुकानात कानाकोपऱ्यातून सफाई करून घ्यायला देतात, मी घरीच करतो. गेल्या दिवाळीत दोन्ही गाड्या शेजारी लावून चारही दारं उघडली आणि नीट पाहिलं. आता धाकट्या भावाने लेदर सीटची गाडी घेतली आहे आणि काय करू म्हणून विचारतोय. त्याला सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी सीट कशाची आहे ते बघा. माहितीपत्रकात ‘लेदरेट’ लिहिलं असेल तर ते कातडं नाहीच, कापडावर चढवलेला प्लास्टिकचा (पीव्हीसीचा किंवा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा) थर आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत हेच असतं. खऱ्या लेदरच्या गाडीतही अनेकदा बसायचा आणि टेकायचा भागच कातड्याचा असतो, बाजू आणि पाठीमागचा भाग लेदरेटचा. भावाच्या गाडीत तसंच निघालं. सीटच्या खाली कापलेली कड दिसत असेल तर उलट्या बाजूने बघा: विणलेलं कापड दिसलं तर लेदरेट, मखमलीसारखी लव दिसली तर कातडं.

हे एवढ्यासाठी सांगतोय की आपल्या भागात कातड्याला तेल पाजायचं हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. कोल्हापुरी चप्पल कोरडी पडली की घरात कोणीतरी तेलाचं बोट फिरवतंच. त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्यात सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत, तेव्हा हे ज्ञान आपल्या घरचंच. पण चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, वर कसला थर नसतो, म्हणून ते तेल पितं. गाडीचं कातडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा पातळ थर. आपला हात लागतो तो या थराला. खोबरेल तेल लावलं तर ते वरच राहतं, धूळ धरतं, शिलाईत उतरतं आणि पुढे खवट वास मारतं. एक थेंब पाणी टाकून बघा. तो मोत्यासारखा तसाच राहिला तर वर थर आहे. मुरून डाग गडद झाला तर मात्र बिनथराचं नाजूक कातडं आहे, ते घरी हाताळू नका.

आता तुलना. मायक्रोफायबरचं ओलसर फडकं आणि मग कोरडं फडकं, हा घरचा उपाय आठवड्याला दहा मिनिटं घेतो. धूळ आणि ताजा घाम त्याने निघतो. न निघणारी गोष्ट म्हणजे ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, जिथे चढता-उतरता मांडी घासते. तिथे अंगाचं तेल आणि जीन्सचा निळा रंग बसतो. लेदर नवं असताना मंद दिसतं. ती कड चकाकायला लागली म्हणजे मळ साचला.

अशा कडेसाठी लेदर क्लीनरची बाटली आणि मऊ ब्रश घ्या. यावर खर्च करा असं मी मनापासून सांगेन. फेस ब्रशवर घ्यायचा, सीटवर ओतायचा नाही, कारण सीटमध्ये वायरिंग, सेन्सर आणि कधी एअरबॅगही असते. भोकं असलेल्या सीटवर तर थेट फवारूच नका. वितभर भाग घासायचा, लगेच पुसायचा, मग पुढचा. कपड्यांचा साबण, सॅनिटायझर, थिनर यांना हात लावू नका. अल्कोहोलने वरचा थर सुटतो, आणि पांढरा जादूचा स्पंज म्हणून मिळतो तो खरं तर बारीक पॉलिश पेपरच आहे.

साबणाचा धडा मला हळदीने दिला. नमुन्याची पुडी मागच्या सीटवर सांडली आणि मी घाईने साबणाचं पाणी लावलं. पिवळा डाग लालसर झाला! हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेच सीटवर घडलं: साबण अल्कधर्मी, आणि त्यात हळद लाल होते. सांगलीत हळदीशी संबंध नसलेलं घर विरळाच, म्हणून सांगतो, सांडलेली पूड आधी कोरडीच व्हॅक्यूमने ओढा. उरलेला डाग लेदर क्लीनरने हलका करा आणि दोन-चार दिवस सकाळचं कोवळं ऊन लागू द्या. हळदीचा रंग उजेडात विटतो. माझा डाग तसाच गेला.

दुसरी बाटली, म्हणजे कंडिशनर. खऱ्या लेदरला वर्षातून दोनदा, पातळ हात, पुरे. थरातून आत फार जात नाही, पण पृष्ठभाग घासला कमी जातो आणि जीन्सचा रंग सहज चिकटत नाही. लेदरेटला त्याची गरज नाही. पीव्हीसी कडक होतं ते उन्हाने, त्यातला मऊपणा देणारा घटक उडून जातो, आणि तो कुठल्याही बाटलीतून परत येत नाही. तिथे ते पैसे काचेच्या सनशेडला द्या. क्लीनर-कंडिशनर एकत्र असलेली बाटली मी वापरून सोडली. मळ पूर्ण निघत नाही आणि त्याच्यावरच थर बसतो.

डिटेलिंगचं काय? त्या दिवाळीला मेहुण्यांच्या गाडीच्या शिलाया आणि भोकं माझ्यापेक्षा खूपच स्वच्छ होती. वाफ, व्हॅक्यूम आणि बारीक ब्रश घेऊन दोन माणसं अर्धा दिवस बसतात, ते घरी होत नाही. पण ड्रायव्हरची कड माझी सरस होती, कारण सहा महिन्यांतून एकदा आणि आठवड्याला एकदा यात फरक पडतोच. आधी एका ठिकाणी त्यांच्या सीटवर सिलिकॉनचं चकचकीत पॉलिश मारून दिलं होतं. चार दिवस सीट नवी वाटली, नंतर तिच्यावरून घसरायला व्हायचं आणि धूळही चिकटायची. म्हणून गाडी देतानाच सांगा: चमक नको, मंद फिनिश हवं.

साताऱ्याकडच्यांसाठी आणखी एक गोष्ट. मेहुणे पावसाळ्यात महाबळेश्वरला वरचेवर जातात आणि बंद गाडीत बुरशी धरते. ती गाडीच्या आत झटकू नका. दारं उघडून किंचित ओलसर फडक्याने उचला, मग क्लीनर, मग एसी चालू ठेवून आतली दमट हवा काढा. तेलकट कंडिशनर पावसाच्या तोंडावर तर नकोच. खंडेनवमीला गाडी धुतोच आपण, तेव्हा पूजा झाल्यावर, सीटवर सांडलेलं कुंकू कोरडं उचलून, मग लावा.

भावाला मी क्लीनर, ब्रश आणि चार फडकी घ्यायला लावली. कंडिशनरची छोटी बाटली फक्त मधल्या कातड्याच्या भागापुरती. डिटेलिंग वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर. गाडी जुनी घेतली असती तर उलटं सांगितलं असतं: आधी एकदा डिटेलिंग, मग घरचं फडकं.