कॅमेरा, सुरा आणि गिटार : एप्रिल २०२५ मधल्या तीन नव्या ॲनिमेंचे पहिले भाग

शाळकरी मुलींवरच्या विनोदी ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचा, पहिला भाग घड्याळ समोर ठेवून बघावा. एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा. सुरुवातीचं गाणं दीड मिनिट, शेवटचं दीड मिनिट, म्हणजे हाताशी उरतात एकवीस. त्यात चार-पाच मुलींची नावं लक्षात राहिली पाहिजेत, मालिका कशाबद्दल आहे ते कळलं पाहिजे आणि हसूही आलं पाहिजे. बहुतेक मालिका पहिल्या दोन कामांतच थकतात. वर्गात येणारी नवी मुलगी, बंद पडायला आलेला क्लब, "आणखी दोन सदस्य मिळाले नाहीत तर खोली काढून घेऊ" असं बजावणारे शिक्षक, या सगळ्यात बारा मिनिटं जातात आणि विनोदाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

एप्रिल २०२५ च्या हंगामात अशा तीन मालिका एकाच वेळी सुरू झाल्या: 'मोनो', 'निन्जा तो कोरोशिया नो फुतारिगुराशी' (एक निन्जा आणि एक मारेकरी, एकाच घरात) आणि 'रॉक वा लेडी नो ताशिनामी देशिते'. तिन्ही मंगांवर (जपानी चित्रकथांवर) आधारलेल्या आणि तिन्हींत मुख्य पात्रं मुलीच. तरी हसवायची रीत इतकी वेगळी, की एक आवडली म्हणून दुसरी आवडेल असं मुळीच नाही.

'मोनो'पासून सुरुवात करू, कारण तिन्हींत रचनेच्या दृष्टीने ती सगळ्यात अवघड. मूळ मंगा आफ्रो यांची. 'युरु कॅम्प'ही त्यांचीच. पण 'युरु कॅम्प' नेहमीसारखी पानभर चौकटींची मंगा आहे आणि 'मोनो' चार-चौकटींची, होउबुन्शा प्रकाशनाच्या 'किरारा' मासिकांतली. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण ॲनिमे करणाऱ्याची झोप उडते ती इथेच. चार-चौकटीत दर चौथ्या चौकटीला विनोद पडतो. तो जसाच्या तसा पडद्यावर आणला की वीस-वीस सेकंदांनी एक ठोका बसतो: बोलणं, बोलणं, उलटं उत्तर, थबकलेला चेहरा. परत बोलणं, बोलणं. पाचव्या मिनिटाला प्रेक्षकाला ठेका पाठ होतो आणि दहाव्या मिनिटाला विनोद पडायच्या आधीच कळतो. चार-चौकटींच्या कितीतरी ॲनिमे याच एका कारणाने बसल्या.

सोइन्ये स्टुडिओ आणि दिग्दर्शक र्योता आइकेइ यांनी यावर सोपा तोडगा काढला आहे. विनोद पडल्यावर ते थांबत नाहीत. एखादी मुलगी काहीतरी बाष्कळ बोलते, दुसरी तिला टोकते, आणि टोकणं संपायच्या आत दृश्य पुढच्या रस्त्यावर, पुढच्या वळणावर गेलेलं असतं. हसायला सवड मिळत नाही अशी तक्रार कुणी करेल. पण चौकटीचा ठेका मोडायचा तर याहून सोपा उपाय नाही.

कथा एवढीच: सात्सुकी अमामिया छायाचित्रण क्लबातल्या सीनियर मुलीच्या मागे-मागे फिरत असते. ती सीनियर शाळा संपवून निघून जाते आणि सात्सुकीतली हवाच जाते. मैत्रीण आन किरियामा तिला उभं करू बघते. मग इंटरनेटवरच्या लिलावात ३६० अंशांचा कॅमेरा घेतला जातो आणि विकणारी निघते जवळच राहणारी, हारुनो नावाची मंगाकार. ती या मुलींनाच आपल्या नव्या मंगाचा विषय करते. म्हणजे आपण बघतो ती गोष्ट आतल्या आत कुणीतरी लिहितंय. हा डाव किती ताणायचा याचं भान पहिल्या भागाला आहे. पुढे चित्रपट संशोधन क्लबची साकुराको येऊन मिळते आणि दोन्ही क्लब एक होतात.

कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द, कारण विनोदाचं बरंचसं यंत्र तिथेच दडलेलं आहे. ३६० अंशांच्या कॅमेऱ्यात पाठीला पाठ लावून दोन फिशआय भिंगं असतात. प्रत्येक भिंग १८० अंशांहून थोडं जास्त टिपतं आणि दोन चित्रं कडेने शिवली जातात. कॅमेरा ज्या काठीवर लावायचा ती दोन भिंगांच्या मधल्या आंधळ्या पट्टीत येते, म्हणून चित्रात दिसत नाही. धरणारी व्यक्ती मात्र हमखास दिसते, तीही नाक फुगलेलं आणि हात लांबलचक अशी. काढणाऱ्याला लपायला जागाच नाही. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे राहून सीनियरचे फोटो काढणाऱ्या मुलीच्या हातात नेमकं हेच यंत्र देण्यात लेखकाची खरी हुशारी आहे. चित्रकारांना मात्र ही शिक्षाच, कारण अशा दृश्यात एकही सरळ रेषा सरळ राहत नाही. विजेचा खांब, रेल्वेचे रूळ, दुकानाची फळी, सगळं वाकवून काढावं लागतं आणि पात्र हललं की वाकही बदलतो. हे काम इथे नीट झालं आहे. जपानच्या यामानाशी प्रांतातले, कोफू शहराच्या आसपासचे रस्ते ओळखता येतील इतके खरे काढले आहेत. उणीव एकच: पहिल्या भागात माणसं जरा भराभर येतात आणि हारुनो येईपर्यंत सात्सुकीचं दुःख बाजूला पडलेलं असतं. ते आणखी दोन मिनिटं टिकलं असतं तर चाललं असतं.

'निन्जा तो कोरोशिया' शाफ्ट स्टुडिओची, दिग्दर्शक युकिहिरो मियामोतो. मंगा 'डेंगेकी दाइओ'मधली, लेखकाचं टोपणनाव चक्क हॅम्बर्गर. सातोको निन्जांच्या गावातून पळालेली आहे. तिला एकच विद्या नीट येते: निर्जीव वस्तूला हात लावला की तिची झाडाची पानं होतात. कोनोहा कोगा शाळेत जाते आणि पैसे घेऊन माणसं मारते. प्रेतसुद्धा निर्जीवच, तेव्हा ही दोघींची भागीदारी कशी जमली असेल ते सांगायला नको.

हा नियम कळायला पहिल्या भागात फार वेळ लागत नाही आणि त्यानंतरचा प्रत्येक विनोद त्यातूनच निघतो. सातोकोला पकडायला गावाकडून कुनोइची, म्हणजे बायका निन्जा, येतात. प्रत्येकीला नाव, खास पेहराव, खास विद्या, बोलायची लकब. एखाद्या नव्या नायिकेला द्यावं तितकं सगळं. आणि मिनिटाभरात तिची पानं झालेली असतात. चित्रकारांनी जितकी मेहनत घ्यावी तितका विनोद क्रूर होतो. इथे आळशीपणे काढलेली पात्रं चाललीच नसती. मग कोनोहा शांतपणे जेवायला बसते. तिच्या आवाजात चढउतार जवळजवळ नाहीच आणि सातोकोचा आवाज सतत उंबरठ्याला ठेच लागल्यासारखा. दोघींच्या आवाजांतलं हे अंतर म्हणजेच मालिका.

धोका उघड आहे. एकच विनोद बारा भाग कसा पुरणार? पाहुणी आली की ती मरणार हे दुसऱ्या खेपेला माहीत होतं, मग पुढची युक्ती वेळेत करावी लागते: कधी चकमक पडद्याआड, कधी पाहुणीशी सातोकोची खरी दोस्ती जमल्यावर. लहान मुलांसोबत बघायची ही मालिका नाही. चित्रं गोंडस आहेत म्हणून घरातल्या दहा वर्षांच्या पोरापुढे लावून स्वयंपाकघरात जाऊ नका.

तिसरी, 'रॉक लेडी', सगळ्यात गोंगाटाची. मूळ मंगा हिरोशी फुकुदा यांची, हाकुसेन्शाच्या 'यंग ॲनिमल' मासिकातली. ते मासिक मोठ्या पुरुष वाचकांचं, आणि मालिकेतल्या शिवराळ, सूचक बोलण्याचं मूळ तिथेच. बंदाइ नाम्को पिक्चर्सने ती तेरा भागांची केली. लिलिसा सुझुनोमियाच्या आईने एका धनाढ्याशी लग्न केलं म्हणून ती रातोरात खानदानी कन्या झाली. गिटार सोडली, खानदानी मुलींच्या शाळेत 'नोबल मेडन'चा किताब मिळवायच्या मागे लागली. जुन्या इमारतीतून ड्रमचा आवाज येतो, वाजवत असते ओतोहा कुरोगाने, शाळेतली सगळ्यात सभ्य मुलगी. वादन संपतं आणि सभ्य मुलीच्या तोंडून जे बाहेर पडतं ते इथे लिहिता येणार नाही.

वादन खरंखुरं आहे. बँड-मेड या बँडच्या वादकांच्या हालचाली मोशन कॅप्चरने टिपून ती दृश्यं संगणकावर केली आहेत. सुरुवातीचं गाणंही त्यांचंच. एरवी ॲनिमेत वाजवताना हात दाखवायचे टाळतात: केस उडताना दिसतात, बूट, घामाचा थेंब, मग पुन्हा केस. इथे डावा हात गिटारच्या कुठल्या पडद्यावर (फ्रेटवर) आहे ते दिसतं आणि काठी झांजेवर पडते तेव्हाच झांज वाजते. त्याची किंमतही मोजावी लागली आहे. हाताने काढलेल्या दृश्यातून संगणकाच्या दृश्यात जाताना सांधा दिसतो, स्कर्टच्या चुण्यांचं वजन बदलतं, चेहरा क्षणभर बाहुलीसारखा होतो. रॉक आहे पण गायन नाही, हा निर्णय मात्र धाडसी. गाण्याचे शब्द नसल्यामुळे भांडण वाद्यांनाच करावं लागतं आणि ते कानाला कळतं. फोनच्या स्पीकरवर मात्र बास ऐकूच येत नाही, म्हणून हेडफोन हवेतच. अडचण विनोदाची आहे: "सभ्य मुलगी शिवी देते" हा एकच धक्का पहिल्या भागात तिनदा येतो आणि तिसऱ्या खेपेला धक्का उरत नाही.

आता मराठी प्रेक्षकाची खास अडचण. मराठी सबटायटल्स नाहीत, म्हणजे इंग्रजीतून बघायचं. जपानीत क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं आणि विनोद बहुधा त्या शेवटच्या शब्दात असतो. "काल दारात उभी होती ना ती, लाल पट्ट्याची, गोड हसणारी... मेली." मराठीत हे जमतं, जपानीतही जमतं. इंग्रजी वाक्यात मात्र 'मेली' आधीच वाचून झालेलं असतं आणि कोनोहाचा आवाज तिथे पोचेपर्यंत हसू विरलेलं असतं. तेव्हा ओळ दिसताच वाचून टाकायची सवय मोडा. आधी चेहरा, मग ओळ. 'रॉक लेडी'त दुसरंच नुकसान. तिथल्या मुली वाक्याच्या शेवटी खानदानी ढंगाचं 'देसुवा' लावून बोलतात, भेटल्यावर नमस्काराऐवजी तितकंच खानदानी 'गोकिगेन्यो' म्हणतात. इंग्रजीत ते सपाट होतं. ज्याला "आपण बसावं" आणि "ए, बस की" यांतलं अंतर ऐकून ठाऊक आहे, त्याने कान जपानी आवाजावर ठेवावेत. अर्धा विनोद तिथूनच मिळेल.

चाहत्यांत तीन भागांचा नियम चालतो, म्हणजे तीन भाग बघून मगच मालिका ठेवायची की सोडायची ते ठरवायचं. तो इथे सरसकट लावू नये. 'निन्जा'बद्दलचं मत पहिल्याच भागात पक्कं होतं. दहाव्या मिनिटापर्यंत हसला नसाल तर पुढेही हसणार नाही. 'रॉक लेडी'ला दुसरं वादन होईपर्यंत वेळ द्या. 'मोनो' रविवारी सकाळी चहाबरोबर, आणि शक्यतो मोठ्या पडद्यावर. नकाशे, पाट्या, फोनवरची अक्षरं आणि खालच्या ओळी एकाच वेळी येतात, सहा इंचांत त्यातलं काहीच धड वाचता येत नाही.