सात पत्रे, सात आठवडे: मंडळीसाठीचा अभ्याससंच

बायबलचे शेवटचे पुस्तक असलेल्या प्रकटीकरणाच्या 2ऱ्या आणि 3ऱ्या अध्यायातील, सात शहरांतल्या मंडळ्यांना (ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायांना) लिहिलेल्या सात पत्रांवरचा हा गट-अभ्याससंच जरूर वापरावा असा आहे. आठवड्याला एक पत्र, 90 मिनिटे, गटात आठ-दहा जण. सुरुवातीला पत्र दोनदा मोठ्याने वाचायचे असते. ते गाळू नका, नाहीतर चर्चा वचनावरून घसरून एकमेकांच्या मतांवर जाते.

खरा कस पर्गम आणि थुवतीराच्या धड्यांत आहे. पर्गममध्ये अंतिपा या विश्वासू साक्षीदाराला ठार मारले तरी मंडळीने प्रभूचे नाव सोडले नाही. बलामाची शिकवण, म्हणजे मूर्तींना वाहिलेले खाण्याची आणि व्यभिचाराची मुभा, मात्र आत चालू दिली. छळाला न डगमगणारी मंडळी तडजोडीला कशी बळी पडते, हे इथे लख्ख दिसते. थुवतीरात कारागिरांचे संघ होते आणि अशा संघांच्या मेजवान्या मूर्तिपूजेशी जोडलेल्या असत. म्हणजे प्रश्न थेट पोटापाण्याचा! 'नकार देणाऱ्याचे घर मंडळी कसे सांभाळेल?' हा संचातला प्रश्न फार मोलाचा आहे, त्याला निदान अर्धा तास द्या.

लावदिकीयाचा धडा मात्र तोकडा आहे. पत्रात या मंडळीला 'कोमट' म्हटले आहे; 'कोमट' म्हणजे उत्साह कमी, एवढ्यावरच तो आटोपतो. जवळच्या हिएरापोलिसचे गरम झरे, इ.स. 60 च्या भूकंपानंतर रोमच्या मदतीविना पुन्हा उभे राहिलेले हे धनाढ्य शहर, यांचा उल्लेखच नाही. 'कोमट' या शब्दामागची आणि या मंडळीच्या 'मला काही उणे नाही' या उद्गारामागची ही पार्श्वभूमी गटप्रमुखाने आधी पाच मिनिटे सांगावी.

छपाई ठळक आहे, पण उत्तरांसाठी जागा अपुरी. सोबत वही ठेवा.